उसना सूर



या रविवारी आम्ही एका कबुलीपासून सुरुवात करतो. इतरांच्या कबुल्या ऐकणे हे आमचे नित्याचे काम आहे. परंतु स्वतः कबुली द्यायची वेळ आली की आमचीही जीभ अडखळते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळ दोन आठवड्यांवर आला होता. चर्चच्या हॉलमध्ये रात्री कॉयरची प्रॅक्टिस चालू होती. मध्यरात्रीच्या मिस्सासाठी बसवलेल्या एका गीताची तिसरी ओळ काही केल्या जमत नव्हती. कोणाचा तरी सूर सारखा खाली येत होता. आम्ही कान देऊन ऐकले, तेव्हा तो मागच्या रांगेतल्या एका मुलाचा निघाला. दहावीतला मुलगा, आवाज नुकताच फुटलेला. दिवसभराच्या कामांनी आम्ही थकलो होतो. सर्वांसमक्ष आम्ही त्याला म्हणालो, "अरे, तू यंदा नुसता उभा राहा. ओठ हलव. आवाज काढू नकोस."

काही मुले हसली. तोही हसला. तो हसला म्हणून आम्हांला वाटले, त्याने काही मनावर घेतलेले नाही.

नाताळच्या रात्री पांढरा शर्ट घालून तो मागच्या रांगेत उभा राहिला आणि सांगितल्याप्रमाणे त्याने ओठ हलवले. मिस्सा संपल्यावर त्याची आई आम्हांला नाताळच्या शुभेच्छा द्यायला आली. तिने विचारले, "फादर, माझ्या पोराचा आवाज वेदीपर्यंत येत होता ना?" आम्ही म्हणालो, "हो बाय, येत होता." एका मुलाचा आवाज आम्ही बंद केला होता आणि त्याच्या आईला खोटे सांगितले होते. तेही कोणत्या रात्री, हे वेगळे सांगायला नको.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कॉयरमध्ये गिटार वाजवणारा एक मुलगा आमच्याकडे आला. तो त्या मुलाचा वर्गमित्र. तो भांडायला आला असावा असे आम्हांला वाटले; पण तो एवढेच म्हणाला, "फादर, संध्याकाळी सात ते आठ हॉलची चावी मिळेल का? आम्हांला दोघांना बसायचंय." आम्ही चावी दिली. त्या चावीने हॉलचे दार उघडले, तसा आमच्यासाठी एक प्रश्नही उघडला. त्या प्रश्नाचा विचार आज तुमच्यासोबत करावा असे मनात आहे.

प्रश्न असा: दुसऱ्याने दिलेला आत्मविश्वास खरोखर आपला असतो का? की तो उसना असतो, आणि देणारा निघून गेला की परत करावा लागतो?

हा प्रश्न आमच्यापुढे पुस्तकातून आला नाही, तो त्या मुलानेच टाकला. अडीच वर्षे ते दोघे एकत्र बसले, गायले, वाजवले. नंतर बारावी झाल्यावर, गेल्या जुलैत, गिटारवाला मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेला. दुसऱ्याच दिवशी हा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, मी कॉयर सोडतो. मला जमत होतं ते त्याच्यामुळे. आता तो नाही."

त्याचे वय तेव्हा अठरा. त्याला काय उत्तर द्यावे ते आम्हांला चटकन सुचले नाही. रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर याचे उत्तर तयार मिळते: स्वतःवर विश्वास ठेवा, स्वतःला सांगा की मला जमेल, दुसऱ्यावर अवलंबून राहू नका. व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्गही हेच शिकवतात. त्यात काही तथ्य नाही असे नाही. परंतु ज्याचा सूर खाली येतो, त्याने आरशासमोर उभे राहून शंभर वेळा 'माझा सूर चांगला आहे' असे म्हटले, तर सूर वर येईल का? विश्वास कशावर तरी ठेवावा लागतो. आत काहीच उभे राहिलेले नसेल, तर ठेवायचा कशावर?

म्हणून आम्ही ठरवले की आत्मविश्वास येतो कोठून, हे आधी पाहावे. त्यासाठी प्रथम तुमच्या सर्वांच्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ.

लक्ष्मीकांत-प्यारेलाल हे नाव आपल्यापैकी किती जणांनी रेडिओवर ऐकले असेल! अनेकांना लहानपणी ते एकाच माणसाचे नाव वाटत असे. लक्ष्मीकांत कुडाळकर यांचा जन्म १९३७ सालचा, प्यारेलाल शर्मा यांचा १९४० सालचा. लक्ष्मीकांत यांचे वडील लवकर वारले, घरची गरिबी, शाळा सुटलेली. हाती मेंडोलिन आले. प्यारेलाल यांचे वडील ट्रम्पेट वाजवीत; मुलगा व्हायोलिन शिकला तो अँथनी गोन्साल्विस या गोव्याच्या ख्रिस्ती गुरूकडे. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यात जे नाव घरोघरी पोहोचले, ते या गुरूच्या आदरापोटीच घातलेले होते. ही दोन मुले मंगेशकर कुटुंबाने लहान मुलांसाठी चालवलेल्या 'सुरील कला केंद्रा'त भेटली. दोघांच्याही घरी चूल पेटायची ती वाद्य वाजवून मिळणाऱ्या पैशावर. पुढे दहा वर्षे त्यांनी कल्याणजी-आनंदजी यांच्या हाताखाली सहायक म्हणून काम केले.

मधल्या काळात प्यारेलाल यांच्या मनाने घेतले की व्हिएन्नाला जावे आणि तिथल्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवावे. लक्ष्मीकांत यांनी त्यांना थांबवले आणि आपण दोघे मिळून संगीत देऊ असे सांगितले. १९६३ साली त्यांचा 'पारसमणी' आला. १९६४ साली 'दोस्ती' आला. त्या चित्रपटाची कथा आठवते ना? एक मुलगा पायाने अधू, दुसरा आंधळा. एक माउथ ऑर्गन वाजवतो, दुसरा गातो, आणि त्या गाण्याच्या बळावर दोघे मुंबईच्या रस्त्यावर तग धरतात. या चित्रपटासाठी या जोडीला त्यांचे पहिले फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९९८ साली लक्ष्मीकांत गेले. त्यानंतरही प्यारेलाल यांनी जोडीचे नाव सोडले नाही. २०२४ साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाले, तेव्हाही लोकांच्या ओठांवर दोन्ही नावे एकत्रच आली.

आता विचार करा. प्यारेलाल यांचा आत्मविश्वास कोणाचा? व्हायोलिनवरची बोटे त्यांची, रात्रंदिवस केलेला रियाज त्यांचा. पण 'थांब, आपण मिळून करू' हा शब्द दुसऱ्याचा. त्या शब्दात स्तुती नव्हती. 'तू फार मोठा आहेस' असे लक्ष्मीकांत म्हणाले नाहीत. 'मी तुझ्याबरोबर आहे, आणि आपले काम एकच आहे' असे ते म्हणाले. या दोहोंत फार अंतर आहे.

हे अंतर किती मोठे आहे, ते ज्या व्हिएन्नाला प्यारेलाल जाणार होते, त्याच शहरात आयुष्याची अखेरची पस्तीस-एक वर्षे काढलेल्या एका संगीतकाराच्या चरित्रात स्पष्ट दिसते. त्यांचे नाव योहान्स ब्राम्स. जन्म जर्मनीतील हॅम्बुर्गचा, १८३३ सालचा.

वीस वर्षांचे ब्राम्स १८५३ साली हॅनोवर शहरात योसेफ योआखिम यांना भेटले. योआखिम त्यांच्याहून केवळ दोन वर्षांनी मोठे, पण त्यांची कीर्ती युरोपभर पसरलेली. १८४४ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, त्यांनी लंडनमध्ये बीथोवनची अवघड व्हायोलिन रचना वाजवून लोकांना थक्क केले होते. ब्राम्सना कोणी ओळखत नव्हते. तरीही त्या उन्हाळ्यात दोघे गॉटिंगेन येथे एकत्र राहिले आणि एकत्र वाजवू लागले. योआखिम यांच्याच आग्रहाने ब्राम्स पुढे थोर संगीतकार रॉबर्ट शूमान यांच्याकडे गेले.

शूमान यांनी या तरुणाचे संगीत ऐकले आणि ऑक्टोबर १८५३ मध्ये संगीताच्या एका नियतकालिकात त्याच्यावर लेख लिहिला. संगीताचे भवितव्य आता या तरुणाच्या हाती आहे, अशा आशयाची ती स्तुती होती. विशीतल्या माणसाला याहून मोठे प्रशस्तिपत्र काय मिळणार? परंतु झाले उलटेच. ब्राम्स यांनी शूमान यांना आभाराचे पत्र लिहिले, त्यातच आपली चिंताही व्यक्त केली: लोकांच्या अपेक्षा आता इतक्या वाढल्या आहेत की त्या कशा पुऱ्या कराव्यात हे कळत नाही. त्यांची पहिली सिम्फनी लोकांपुढे आली १८७६ साली, म्हणजे त्या लेखानंतर तेवीस वर्षांनी. विलंबाला इतरही कारणे होती. बीथोवनच्या सिम्फनींचे दडपण तर होतेच. पण स्तुतीने पाय हलके केले नाहीत, जड केले, हे त्यांच्या पत्रावरूनच दिसते.

आणि मित्राने काय केले? १८५६ साली या दोघांनी आपसात एक करार केला. स्वरांची गुंफण करण्याचे जे जुने, कठीण शास्त्र आहे, त्याचे धडे दोघांनी ठरल्या दिवशी लिहून टपालाने एकमेकांना पाठवायचे. दुसऱ्याने ते तपासून चुका दाखवून परत करायचे. जो चुकवील त्याने दंड भरायचा. म्हणजे एक नामवंत वादक आणि एक गाजावाजा झालेला तरुण रचनाकार शाळकरी पोरांप्रमाणे एकमेकांची वही तपासत होते! 'वा, वा' म्हणणारे दोघांनाही पुष्कळ भेटले असते. 'या ओळीत चूक आहे, पुन्हा कर' असे म्हणणारा, आणि स्वतःचीही वही पुढे करणारा, एकच होता.

या मैत्रीची परीक्षा १८५९ च्या जानेवारीत झाली. ब्राम्स यांचा पियानो कॉन्चेर्तो हॅनोवरला योआखिम यांच्या संचलनाखाली सादर झाला. पियानोवर स्वतः ब्राम्स. पाच दिवसांनी लाइपझिग येथे तीच रचना सादर झाली, तेव्हा योआखिम तेथे नव्हते. श्रोत्यांनी ती नाकारली, काहींनी तर नापसंतीचे आवाज काढले. दुसऱ्या दिवशी ब्राम्स यांनी ही सगळी फजिती योआखिम यांना पत्रातून कळवली, काहीही न लपवता आणि थोडी थट्टा करीत. धर्मग्रामस्थहो, आम्हांला हे पत्र त्यांच्या मोठ्या रचनांइतकेच महत्त्वाचे वाटते. अपयश जसेच्या तसे सांगता येईल असा एक माणूस ज्याच्याकडे आहे, तो अपयशाने मोडत नाही. ब्राम्स मोडले नाहीत. त्यांनी ती रचना फाडून टाकली नाही आणि लिहिणेही थांबवले नाही.

एक शंका येथे काढली पाहिजे. पत्रे, वह्या, सल्ले हे सगळे कोणत्याही मैत्रीत असू शकते. मग यात संगीताचे विशेष ते काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आमच्या वाचनात आल्फ्रेड शुट्झ यांचा एक निबंध आला होता. हे गृहस्थही मूळचे व्हिएन्नाचेच, जन्म १८९९ चा. दिवसा बँकेची नोकरी, रात्री तत्त्वज्ञान, असा त्यांचा दिनक्रम. ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेल्यावर ते अमेरिकेत आले, आणि तेथे १९५१ साली त्यांनी एकत्र संगीत करणे या विषयावर हा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दोन माणसे एकत्र वाजवतात तेव्हा ती केवळ घड्याळातला वेळ एकत्र घालवत नाहीत, तर प्रत्येकाच्या मनात जो काळ वाहतो तोच ती एकत्र जगतात. मी माझा पुढचा सूर काढण्यापूर्वी दुसरा काय करणार आहे याचा अंदाज मला घ्यावा लागतो; आणि तो माझा अंदाज घेतो आहे, हेही मला ठाऊक असते. शब्दांत बोलायच्या कितीतरी आधी माणसे अशी एकमेकांशी जुळतात. बोलणेसुद्धा या जुळण्यावरच उभे असते, असे शुट्झ सुचवतात.

हे वाक्य वाचताना कठीण वाटेल, पण लग्नाच्या वरातीत ब्रास बँड ऐकलेल्या कोणालाही ते कळेल. वाजवणाऱ्यांचे डोळे पाहा. ते वाद्याकडे नसतात, शेजाऱ्याकडे असतात. संभाषणात आपण खोटे 'हो' म्हणू शकतो. आम्हीच त्या आईला म्हणालो होतो! एकत्र गाताना तसे करता येत नाही. सूर जुळला नाही तर तो दोघांनाही, त्याच क्षणी, ऐकू येतो. तेथे कोणी कोणाची खोटी समजूत घालू शकत नाही. आणि सूर जुळला, तर तोही दोघांना एकदमच कळतो; 'छान झाले' असे कोणी सांगावे लागत नाही. संगीतातील मैत्री आत्मविश्वास देते त्याचे कारण हेच असावे: तेथे सत्य आणि सोबत एकाच वेळी मिळतात. एरवी जगात सत्य सांगणारे बहुधा सांगून निघून जातात, आणि सोबत राहणारे बहुधा सत्य गिळतात.

आमच्या हॉलमध्ये नेमके काय घडत होते, ते आता सांगतो. आमच्या खोलीच्या व्हरांड्यातून हॉलचा आवाज ऐकू येतो. पहिले काही आठवडे एकच ओळ, तीच तिसरी ओळ, पुन्हा पुन्हा कानी पडत होती. मधूनच गिटारवाल्याचा आवाज यायचा: "खाली गेलास. परत." त्या आवाजात राग नसायचा आणि शाबासकीही नसायची. हळूहळू त्याच्या लक्षात आले, आणि आम्हांला इतक्या वर्षांत आले नव्हते, की गाण्याची पट्टीच मुलींच्या आवाजाला धरून लावलेली होती. आवाज फुटलेल्या मुलाचा गळा तेथे पोहोचत नव्हता. ओढून पोहोचायला जायचा आणि घसरायचा. त्याने गाणे 'डी'मधून खाली 'ए'मध्ये आणले. तेथे सूर स्थिर झाला. मग दर काही आठवड्यांनी अर्धा अर्धा स्वर वर. म्हणजे आम्ही ज्याला मुलाचा दोष म्हणालो, तो निम्मा आमच्या पट्टीचा दोष होता.

आणखी एक गोष्ट. तो गिटारवाला मुलगा तालात घाई करायचा. ओळ संपत आली की पळायचा. ते आम्हांला ठाऊक होते, पण तो चांगला वाजवतो म्हणून आम्ही कधी बोललो नव्हतो. आता व्हरांड्यातून दुसरा आवाज ऐकू येऊ लागला: बाकावर हाताने धरलेला संथ ठेका, आणि "पळतोस तू. थांब की जरा." ज्याला आम्ही गप्प केले होते, त्याच्या अंगी ताल पक्का होता. त्याच्याकडेही देण्यासारखे काही होते. आम्हांला वाटते, ज्या दिवशी मित्राने त्याचे ऐकले आणि आपला हात आवरला, त्या दिवशी या मुलाला खरा धीर आला. कारण केवळ घेत राहणाऱ्याला धीर येत नाही. घेणारा कायम ऋणात राहतो आणि ऋणातला माणूस मान वर करत नाही. आपल्याकडूनही कोणाला काही मिळते आहे, हे कळले की मान आपोआप वर होते.

त्या वर्षी ईस्टरच्या जागरणविधीला तो मुलगा रांगेत उभा राहून गायला. एके ठिकाणी सूर किंचित उतरला, तसा त्याने स्वतःच सावरला. चर्चमध्ये ते कोणाच्याही लक्षात आले नसेल. आमच्या आले, आणि गिटारवाल्याच्या आले. त्याने वर न पाहता नुसती मान हलवली.

येथपर्यंत सगळे गोड आहे. पण आपला प्रश्न अजून शिल्लक आहे: मित्र निघून गेला, तर?

ब्राम्स-योआखिम यांच्या बाबतीत तर तो दूर गेला एवढेच नव्हे, संबंधच तुटले. १८७८ साली ब्राम्स यांनी व्हायोलिन कॉन्चेर्तो लिहिला, तेव्हा त्याचे हस्तलिखित योआखिम यांच्याकडे पाठवून कोठे अवघड आहे, कोठे वाजवणे अशक्य आहे ते सांगण्याची विनंती केली. काही सूचना त्यांनी घेतल्या, काही घेतल्या नाहीत. १ जानेवारी १८७९ रोजी लाइपझिग येथे, जेथे वीस वर्षांपूर्वी फजिती झाली होती, योआखिम यांनी तो वाजवला आणि ब्राम्स यांनी संचलन केले. परंतु पुढे योआखिम यांच्या घरात पतीपत्नीचा कलह झाला. योआखिम यांचा संशय निराधार आहे असे ब्राम्स यांचे मत होते, आणि त्यांनी त्यांच्या पत्नीला तसे पत्र लिहिले. ते पत्र घटस्फोटाच्या खटल्यात न्यायालयापुढे आले. योआखिम दुखावले. तीस वर्षांची मैत्री संपली.

ब्राम्स चुकले की बरोबर होते, हा वेगळा विषय आहे. आम्हांला येथे दोन गोष्टी दिसतात. पहिली, अबोला असतानाही योआखिम यांनी ब्राम्स यांचे संगीत वाजवणे सोडले नाही. माणसावरचा राग त्यांनी दोघांनी मिळून केलेल्या कामावर काढला नाही. दुसरी, ब्राम्स यांनाही लिहिणे जमत राहिले. त्यांच्या तिसऱ्या आणि चौथ्या सिम्फनी याच काळाच्या आसपासच्या आहेत. मित्राने दिलेला धीर उसना असता, तर मैत्रीबरोबर तो आटायला हवा होता. तो आटला नाही. आणि १८८७ साली ब्राम्स यांनी समेटासाठी हात पुढे केला तो एका रचनेच्या रूपाने: व्हायोलिन आणि चेलो या दोन वाद्यांनी वाद्यवृंदासमवेत एकमेकांशी बोलत वाजवायचा कॉन्चेर्तो. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला कोलोन येथे योआखिम आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हाउसमान यांनी तो वाजवला, ब्राम्स यांनी संचलन केले. ते पुन्हा बोलू लागले. पूर्वीची जवळीक पुरती परतली नसेल, पण दार उघडले.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या दहा भागांपैकी दोन पूर्ण भाग मैत्रीला दिले आहेत. उपयोगासाठी केलेली मैत्री, मौजेसाठी केलेली मैत्री आणि दुसऱ्याचे भले त्याच्यासाठीच इच्छिणारी मैत्री, असे तिचे तीन प्रकार तो सांगतो. पहिल्या दोन प्रकारांत देवघेव संपली की मैत्री संपते आणि मिळालेलेही ओसरते. तिसऱ्या प्रकारात मित्र आपल्याला घडवतो. घडवलेले परत कसे करणार? आईने चालायला शिकवले म्हणून कोणी आईचे पाय उसने घेतले आहेत असे म्हणतो का? तिचे बोट सुटते, पाय राहतात.

कोणी म्हणेल, अशी मैत्री नशिबाने मिळते. ज्याला मिळाली नाही त्याने काय करावे? हा आक्षेप आम्हांला फार खरा वाटतो. त्या नाताळात त्या मुलाला तसा मित्र नसता, तर तो आजही ओठ हलवत राहिला असता, किंवा चर्चच्या बाहेर आंब्याखाली उभा राहिला असता. मित्र मागून मिळत नाही हे खरे. पण मित्र होणे आपल्या हाती आहे, हेही तितकेच खरे. आपल्या रांगेत, आपल्या आळीत, आपल्या घरातही कोणी तरी नुसते ओठ हलवत असते. कोणाला तरी आपण, थकलेल्या एखाद्या संध्याकाळी, 'आवाज काढू नकोस' असे सांगितलेले असते. सुनेला सांगितलेले असते, धाकट्या भावाला, निवृत्त झालेल्या वडिलांना. त्यांना स्तुतीची गरज नसते. सात ते आठ चावी घेऊन कोणी तरी शेजारी बसण्याची असते.

आता त्या मुलाकडे येऊ. गेल्या जुलैत तो कॉयर सोडतो म्हणाला, तेव्हा आम्ही त्याला उपदेश केला नाही. "एक रविवार ये, मग ठरव," एवढेच म्हणालो. तो आला. शेवटच्या टोकाला उभा राहिला. दुसऱ्या कडव्यात आवाज दबला, तिसऱ्यात परत आला. मिस्सानंतर वस्त्रे काढून आम्ही बाहेर आलो तर तो पायरीवर बसला होता. आम्ही विचारले, "काय झालं दुसऱ्या कडव्याला?" तो म्हणाला, "खाली गेलो होतो, फादर. मग तो काय म्हणाला असता ते ऐकू आलं."

आम्हांला आमच्या प्रश्नाचे उत्तर त्या पायरीवर मिळाले. दुसऱ्याचा कान अडीच वर्षे शेजारी राहिला की तो आपलाच कान होतो. आत्मविश्वास म्हणजे 'मी चुकणार नाही' अशी खात्री नव्हे. तशी खात्री कोणालाच नसते, आणि ज्याला असते त्याच्यापासून सांभाळून राहावे. आपण चुकलो तर आपल्याला ते ऐकू येईल आणि तेथून परत येता येईल, एवढाच तो असतो. एवढे मिळायला कोणी तरी आधी आपल्याला खाली जाताना ऐकलेले आणि तरीही उठून न गेलेले असावे लागते.

त्या दिवशी पायरीवर बसून आम्ही त्या मुलाची माफी मागितली. तीन नाताळांपूर्वी मागायला हवी होती. तो म्हणाला, "जाऊ द्या, फादर," आणि जरा थांबून, "पण ती पट्टी खरंच वर होती." हे लिहिण्यापूर्वी त्याला वाचून दाखवले आहे. त्याच्या आईलाही त्या रात्रीचे खरे सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली. नंतर म्हणाली, "मला ठाऊक होतं, फादर. आईला ऐकू येतं." मग आमच्यासाठी चहा ठेवायला ती आत गेली.

कॉयरची प्रॅक्टिस दर शुक्रवारी रात्री आठ वाजता असते. गाण्याची पट्टी आता सर्वांचे आवाज पाहून ठरवतो. ठेका तोच मुलगा धरतो. सात ते आठ हॉल मोकळा असतो. चावी आमच्या खोलीच्या दाराशी खिळ्याला टांगलेली आहे. दोघे मिळून या आणि घेऊन जा. विचारण्याची गरज नाही.

आपला,
धर्मगुरू